हिरवी चकती

नोकरीतले समाधान ही फार नाजूक गोष्ट आहे, ती कामगाराच्या हाती सोडून चालत नाही. तिच्यासाठी व्यवस्था लागते. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला हे १९९६ साली उमगले. तोवर तिथले लोक आपापल्या मर्जीने सुखी किंवा दुःखी होत असत आणि त्यात कसलीच शिस्त नव्हती.

कारखान्याने गेटजवळ समाधान-फलक उभारला. प्रत्येकाच्या नावापुढे एक खिळा. कामावर येताच कामगाराने पत्र्याची चकती स्वतःच्या हाताने अडकवायची: समाधानी असल्यास हिरवी, नसल्यास लाल. (पिवळीही होती. पण ‘ठीक आहे’ ही भावना उत्पादनाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरल्याने ती पहिल्याच आठवड्यात रद्द झाली.) लाल चकती लावणाऱ्याची कल्याण अधिकारी आपुलकीने चौकशी करत. चौकशी पाळी सुटल्यावर होई आणि कंपनीची बसही तेव्हाच निघे. घरी भांडण आहे का, दारू किती घेता, असे प्रश्न असत. भट्टीविषयी प्रश्न नसे, कारण दुःख कामगार घरूनच आणतो हे आधीच ठरलेले होते. पहिल्या महिन्यात शंभरांत पंधरा दुःखी निघाले, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात कोणीच नाही. इतक्या झपाट्याने सुखी झालेले लोक जगात दुसरीकडे नसावेत.

हे सुख टिकावे म्हणून बक्षीस जाहीर झाले. जो विभाग तीन महिने पूर्ण हिरवा राहील, त्यातल्या प्रत्येकाला एक प्रेशर कुकर.

माझे वडील रंभाजी भट्टीवर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. छातीत दुखू लागल्यावर त्यांनी पॅकिंगमध्ये बदली मागितली. नियम सोपा होता: सलग आठवडाभर लाल चकती लावा, बदली घ्या. पण भट्टी विभागाचे अडीच महिने हिरवे गेले होते. अण्णांचा विचार कळताच त्यांच्याबरोबर भट्टीवर काम करणारे छगनमामा आणखी दोघांना घेऊन आमच्या घरी चहाला आले.

“छगन, चढ चढताना दम लागतो रे,” अण्णा म्हणाले.

“मंग आस्ते चढा की. पंधरा दिस कळ काढा, भाऊ. फुडं लाल लावा न्हाईतर काळी लावा, आमी काय म्हननार न्हाई.”

“आन् छातीत दुखतंय त्याचं?”

“दुखू द्या. पर हिरवं दुखू द्या.”

सगळे हसले. अण्णाही हसले. आई चहा गाळत होती. ती म्हणाली, “किती लिटरचा हाय?”

“पाच, वहिनी.”

अण्णांनी हिरवी चकती लावली. दहा-बारा दिवसांनी पहिल्या पाळीत ते भट्टीपुढेच कोसळले. दवाखान्यात न्यायला कंपनीची बस मात्र लगेच मिळाली.

शोकसभेत कल्याण अधिकारी गहिवरून म्हणाले, की रंभाजी अखेरच्या दिवसापर्यंत समाधानी होते, फलक साक्षीला आहे. पुढे प्रश्न निघाला की मृताची चकती धरायची की नाही. छगनमामांनी नियमावर बोट ठेवले: चकती ज्याची त्यानेच बदलायची, आणि रंभाजीभाऊंनी ती बदललेली नाही. मुद्दा बिनतोड होता. महिना भरेपर्यंत अण्णा हिरवेच राहिले. कुकर पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरी आला. छगनमामांनी तो स्वतः सायकलवर आणला आणि आईच्या पुढ्यात ठेवून मान खाली घालून बसून राहिले. कुकर चांगला आहे. डाळ तीन शिट्ट्यांत शिजते.

वाचकांना वाटेल, ही माणसे एका कुकरसाठी इतकी कशी वाकली. आपल्या कचेरीत असा फलक नाही, याबद्दल आपले अभिनंदन. तरीही आज सकाळी तिथे कोणीतरी तुम्हाला “कसं काय?” म्हणून विचारले असेल, आणि तुम्ही “मजेत” म्हणाला असाल.

तेही कुकरशिवाय.