धरून ठेवलेल्या जागा

आमच्या गल्लीत सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी माणसं बस थांब्याच्या बाकड्याकडे बघतात. आपला रुमाल जागेवर आहे ना, एवढंच बघायचं. असला की चहा गोड लागतो.

हसू नका. मीही बघते. माझा निळ्या काठाचा, डावीकडून तिसरा.

हे रुमाल मांडतात गफूरभाई. नांदेडात आमच्या वस्तीपासून विष्णुपुरीपर्यंत शहर बस जायची, तिचे हे कंडक्टर. बस बंद होऊन कैक वर्षं झाली. थांब्याचा पत्रा गेला, पाटी गेली, लांबलचक बाकडं तेवढं राहिलं. रोज सकाळी सव्वासातला गफूरभाई खाकी सदरा घालून येतात, पिशवीतून धुतलेले, इस्त्री केलेले रुमाल काढतात आणि बाकड्यावर ओळीनं मांडून त्यांची टोकं फळ्यांच्या फटीत खोचतात. मग तिकिटं टोचायचा जुना चिमटा वाजवतात. टक टक. "चला, पुढं सरका. मागं दुनिया उभी हाय." मागं कुत्रंसुद्धा नसतं. तरी तो आवाज आला की माझा पोळी उलटणारा हात जरा थांबतो.

आता रुमालाची रीत तुम्हाला माहीत असेलच. एसटी स्टँडात शिरली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला येईल ते आत टाकायचं. ज्याचा रुमाल त्याची जागा. मग तो माणूस निवांत रस पिऊन आला तरी त्या जागी कोणी बसत नाही. आमच्याकडे भाऊभाऊ बांधावरून भांडतील, पण रुमालाला हात लावणार नाहीत.

तर त्या शेवटच्या दिवशी बस आमच्या थांब्याला लागली आणि आम्ही चौदा जणांनी खिडक्यांतून रुमाल टाकले. तेवढ्यात ड्रायव्हरच्या फोनवर हुकूम आला, कोणाला घेऊ नका, गाडी रिकामी डेपोत आणा. गफूरभाई दारात लोंबकळत म्हणाले, "आत्ता आलो. तुमच्या जागा धरलेल्या हायत." आणि गाडी आमचे रुमाल घेऊन निघून गेली. ती काही परत आली नाही. गफूरभाई मात्र दुसऱ्या दिवशी रुमाल घेऊन चालत आले.

बस का बंद पडली, ते मला विचाराल तर मी काय सांगणार. ठेकेदार म्हणे तोटा भरून द्या. शहरवाले म्हणत वरून पैसे येऊ द्या. वरचे म्हणत, शहराची बस शहरानं बघावी. गफूरभाईंनी त्याचं एका वाक्यात करून टाकलं होतं, "बसला चाकं सहा, बाप तीन, अन् ढकलायला एकबी न्हाई." पेपरात नव्या धोरणाची बातमी आली, म्हणजे विजेच्या बस येणार, किलोमीटरमागे इतकं दिल्ली देणार, इतकं मुंबई देणार, की ते थांब्यावर उभं राहून ती आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतात. आम्हाला म्हणजे मला आणि रुमालांना. वाचून झालं की रुमालांकडे बघून विचारतात, "समजलं का?" आणि खरं सांगते, मग थोडं थांबतात. कोणी उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढंच.

गल्लीत नवा आलेला बँकेतला एक साहेब एकदा रुमाल बाजूला सारून बाकड्यावर बसला. गफूरभाई जवळ गेले, वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "उठा साहेब. तुमच्या मांडीखाली कदम गुरुजी हायत." साहेब असा उठला की त्याची एक चप्पल तिथंच राहिली. ती न्यायलाही आला नाही.

याच कदम गुरुजींचा रुमाल एका सकाळी बाकड्यावर नव्हता. मी विचारलं तर गफूरभाई म्हणाले, "उतरले." मला वाटलं, धुवायला टाकला असेल. गुरुजी तर आदल्या दिवशी मला दुधाच्या दुकानात भेटून गुडघ्याचं औषध सांगून गेले होते. दुपारी त्यांच्या घरून रडण्याचा आवाज आला. पुढं आणखी चौघांचं असंच झालं. सकाळी रुमाल नाही, दिवस मावळायच्या आत बातमी. तुम्हाला आधी कसं कळतं, असं मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "अक्का, कोण कुठं उतरणार, हे कंडक्टरला नको का कळायला?" तेव्हापासून मी काही विचारत नाही. फक्त बघते. डावीकडून तिसरा.

असे पाच उतरले. राहिले नऊ.

मागच्या महिन्यात गफूरभाई धावतच आले. नव्या बससाठी मार्गांची पाहणी होणार होती. माणूस येऊन प्रत्येक थांब्यावर वाट बघणारे प्रवासी मोजणार. दहा दिसले तर मार्ग नकाशात राहणार, नाहीतर कायमचा पुसला जाणार. आता बघा, जिथं बसच येत नाही तिथं बसची वाट बघणारे मोजायचे. कोरड्या नळाखाली किती घागरी मांडल्यात ते बघून पाणी सोडायचं, तसं. माझं माहेर लातूरचं, आम्ही तशा घागरीही मांडलेल्या आहेत म्हणा.

गफूरभाई घरोघर फिरले. "फकस्त अर्धा तास उभं राहा," म्हणाले. सगळे हो म्हणाले. पण आपल्याच रुमालाशेजारी जाऊन उभं राहायचं कोणाला धाडस होतंय? पाहणीच्या सकाळी थांब्यावर मी होते, आणि पाटी टेकवून दम खात असलेली भाजीवाली कांताबाई.

पाहणीला आली ती एक तरतरीत पोरगी, हातात मोबाइल. बसायला म्हणून वाकली, रुमाल दिसले आणि चटकन सरळ झाली. "धरलेल्या हायत का जागा?"

"हाव," गफूरभाई म्हणाले.

पोरगी रेणापूरची निघाली. लातूरच्या कॉलेजात जाताना रोज एसटीच्या खिडकीतून ओढणी टाकून मोठी झालेली. तिनं एक शब्दही विचारला नाही. बोट नाचवत रुमाल मोजले, मी माझा निळ्या काठाचा दाखवला म्हणून मला सोडलं, कांताबाईला धरलं. "नऊ अन् एक, दहा. झालं चाचा, राहतोय तुमचा मार्ग."

मला आनंदानं टाळी वाजवावीशी वाटली. पण गफूरभाईंकडे बघितलं आणि हात तसेच राहिले. ते टोकाच्या गुलाबी रुमालाकडे बघत होते.

तो रजियाभाभींचा, त्यांच्या बायकोचा. विष्णुपुरीच्या दवाखान्यात त्या आयाचं काम करायच्या, नवऱ्याच्याच बसनं जायच्या. त्या दिवशी आमच्यात त्याही उभ्या होत्या. "आत्ता आलो" त्यांनाही सांगितलं होतं. त्या जाऊन दोन वर्षं झाली. बाकी सगळ्यांचे रुमाल वेळेआधी उचलणाऱ्या हातानं तो काही उचलला नव्हता, आणि गल्लीतल्या एकानंही तो विषय काढला नव्हता.

"पोरी, एक खोड," गफूरभाई म्हणाले. "ही सवारी उतरली. माझ्या गाडीत खोटी सवारी कधी चालली न्हाई."

पोरीचं बोट मोबाइलवर अडलं. "नऊवर मार्ग जातो, चाचा."

मग मीच बोलले. "गफूरभाई, तिनं तुम्हाला मोजलंच नाही."

"कंडक्टरला सवारीत धरत न्हाईत, अक्का."

"गाडी कुठंय, कंडक्टर व्हायला?"

इतक्या वर्षांत हे त्यांना तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. माझ्याही तोंडून कसं गेलं कोण जाणे. त्यांनी चिमटा सदऱ्याच्या खिशात घातला. गुलाबी रुमालाची टोकं फटीतून अलगद सोडवली, रुमालाची घडी केली, मुठीत धरली. आणि त्या जागेवर बसले. गफूरभाईंना बाकड्यावर बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"आता मोज," म्हणाले.

पोरीनं दहा लिहिलं. लिहून झाल्यावर ती पुन्हा एकदा बाकड्याकडे बघत राहिली, आणि मीही. गफूरभाई अगदी कडेला, अंग चोरून बसले होते. अर्ध्याच जागेवर.