बदक, तिरफळ आणि कलम चार

रहिवासी समितीचा चिटणीस या नात्याने नमूद करतो की, गल्लीतल्या मुलांच्या अधःपतनाबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव चहाखान्यात, माहजोंगच्या दोन डावांच्या मध्ये, एकमताने संमत झाला. कुरकुर एकानेच केली, तीही ठरावाबद्दल नव्हती. सह्यांच्या गडबडीत मी त्याची एक सोंगटी ढापली, असं त्याचं म्हणणं होतं. सरकारने नुकतीच देशभर खेळयंत्रांवर बंदी घातली होती आणि आम्हा पालकांना फार बरं वाटलं होतं. टीव्हीला जोडायची ती डबडी माणसाला दिवसभर एका जागी बसवतात, पैसा खातात, डोळे बिघडवतात, हे आम्ही रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच बांबूच्या खुर्च्यांत बसून एकमेकांना सांगत होतो. माहजोंगचं वेगळं आहे. त्यात पैसे लागतात, पण ओळखीच्या माणसांत. आमच्या छंगदू शहरात त्याला कोणी खेळ म्हणत नाही, उठणं-बसणं म्हणतात.

चहाखान्याला लागूनच चियाओ मावशींचं दुकान. बंदी आली तशी मावशींनी ‘खेळयंत्रे’ ही पाटी उतरवली आणि ‘अभ्यासयंत्रे’ ही चढवली. यंत्रं तीच होती, फक्त प्रत्येकाला एकेक कीबोर्ड जोडला होता. त्या कीबोर्डला कोणी बोट लावलेलं मी पाहिलं नाही. मावशी त्यावर मिरच्या वाळवायच्या. यंत्रात एक बदक होतं. ते कलिंगडांवरून उड्या मारत नदी ओलांडायचं, आणि नेम चुकला की पाण्यात पडून ‘प्वाक्’ म्हणायचं. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे हा भूगोल होता.

ठराव कचेरीत धाडायचा आणि दुकान बंद पाडायचं, इतकं सरळ काम होतं. मी तो धाडलाही. पण त्याच आठवड्यात माझे सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले.

त्सेंग हे त्यांचं आडनाव. लोणच्याच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. सासूबाई गेल्यापासून ते हसले नव्हते. सोफ्यावर बसायचे आणि माझ्याकडे बघायचे.

“जावईबापू, पेज अशी फुर्रकन ओढतात का?”

“जावईबापू, दार लावलंत ते हळू लावता आलं असतं.”

“जावईबापू, आज पुन्हा तेच मोजे?”

माणूस वाईट नव्हता, पण घरात जीव घुसमटायला लागला. एके दिवशी ते बॅटरीचे सेल आणायला म्हणून मावशींच्या दुकानात गेले आणि परत आलेच नाहीत. मला चहाखान्यात हसण्याचा आवाज आला. एवढं मोठ्याने, एवढं खुळ्यासारखं कोण हसतंय म्हणून मी दुकानात डोकावलो, तर सासरे पोट धरून वाकलेले. “पडलं बघ येडं, पुन्हा पडलं,” ते गल्लीतल्या पोरांना सांगत होते. बदक प्वाक् म्हणालं की ते मांडीवर थाप मारायचे. माझी बायको रुईलिंग भाजीची पिशवी घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

“ऐक ना,” ती हळूच म्हणाली. “हे दुकान बंद पडलं तर बाबा परत सोफ्यावर. मग तूही सोफ्यावर, त्यांच्या शेजारी. चहाखाना विसरायचा.”

सरकारी कामाला उशीर होतो, एवढ्याच भरवशावर मी तग धरून होतो. पण आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी काम वेळेवर झालं.

प्रतिबंध निरीक्षक वेई साहेब एका सकाळी हजर झाले. आधी चहाखान्यात माहजोंगचा एक डाव खेळले. रीतीप्रमाणे आम्ही हरलो. मग कॉलरचं बटण लावून ते कर्तव्याकडे वळले.

“कलम चार,” ते म्हणाले. “ज्याच्या वापराने वापरणाऱ्यास हसू येते, ते खेळयंत्र. ज्याच्या वापराने येत नाही, ते अभ्यासयंत्र. जेवणानंतर चाचणी घेऊ. इथलं रोजचं गिऱ्हाईक कोण?”

झाडून सगळ्या पोरांनी माझ्या सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

जेवताना मी त्यांची समजूत घालत होतो. “बाबा, आज हसायचं नाही.”

“बदक पडल्यावर?”

“पडल्यावरसुद्धा.”

“मग ते पडणार कशाला, मला सांगा.”

नुसत्या बदकाच्या नावानेच त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. रुईलिंग उठली, तिने डब्यातून मूठभर तिरफळं काढली आणि वडिलांसमोर धरली. आमच्याकडची तिरफळं म्हणजे एक चावलं तरी ओठ आपले राहत नाहीत. “चावा,” ती म्हणाली, “आणि चावतच राहा.”

चाचणीला सगळी गल्ली जमली. बदक पडलं, प्वाक् झालं. सासऱ्यांचा चेहरा दगडासारखा. पुन्हा पडलं, तरी तसाच. आत कुठेतरी हसू उसळत असणार, कारण पोट गदगदत होतं, पण तोंडापर्यंत पोचून ते बाहेर पडायला वाट शोधत होतं आणि वाट बधिर झाली होती. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

वेई साहेबांनी टोपी काढली. “एवढा अभ्यास,” ते म्हणाले. “नोकरीत मी असं पाहिलं नाही.”

दुकान वाचलं. मी मावशींच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने फटाके आणले. इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण साहेबांनी वर अहवाल दिला, आणि वरच्यांना तो फार आवडला. डोळ्यांत पाणी आणणारं अभ्याससाधन म्हटल्यावर ते शाळेत सक्तीचं झालं. बदकाचा रोज एक तास ठेवला. नदी ओलांडायचे गुण वेगळे, पडण्याची कारणं लिहायचे वेगळे. ‘बदक का पडले? तीन कारणे द्या.’ प्वाक् हा आवाज अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून काढून टाकला. आमची गल्ली हादरली. शेजारणी जिन्यात एकमेकींना विचारायला लागल्या, “तुमचा कितव्या कलिंगडावर आहे?” ज्यांनी ठरावावर सही केली होती तेच पोरांच्या पाठीत धपाटे घालून सांगत होते, “खेळ, नाहीतर तंगडी मोडीन.” बदकाच्या शिकवण्या निघाल्या. चेहऱ्यावर अभ्यास नीट दिसावा म्हणून आया डब्यात तिरफळं द्यायला लागल्या. मी स्वतः समितीतर्फे सूचनाफलकावर त्याचं प्रमाण लिहिलं.

मावशींच्या दुकानात आता सगळे मान खाली घालून बसत. सासरे दोन-तीनदा जाऊन परत आले. “त्या बदकाचा आता पेपर असतो,” ते म्हणाले, आणि सोफ्यावर बसले. मग माझ्या पायांकडे बघितलं. “पुन्हा तेच मोजे?”

त्या माणसाने मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण त्या आवाजात काही जीवच नव्हता. मला फार वाईट वाटलं. त्यातलं थोडंसं माझ्या स्वतःसाठी होतं, ते कशाला लपवू?

मी कचेरीला अर्ज केला: सदर यंत्र मुळात खेळयंत्रच आहे, सबब त्यावर कृपया बंदी घालावी, म्हणजे लोकांना ते पुन्हा आवडेल. उत्तर आलं की दावा सिद्ध करा. वापरताना हसणारा एक नागरिक हजर करा.

वेई साहेब पुन्हा आले. पुन्हा डाव झाला, पुन्हा आम्ही हरलो. सासऱ्यांना हाताला धरून यंत्रापुढे बसवलं. बदक मुकाट्याने पडत राहिलं आणि ते मुकाट्याने बघत राहिले. रुईलिंगने त्यांना गुदगुल्या केल्या. मावशी स्वतः तोंडाने ‘प्वाक्’ म्हणाल्या. एका पोराने सवयीने पडण्याचं पहिलं कारण सांगितलं.

“हसा हो, बाबा,” मी कळवळून म्हणालो.

“कशाला हसू, जावईबापू? यात चुकलं की गुण जातात.”

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, खिशातून नियमपुस्तिका काढली आणि काम वाया जाऊ नये म्हणून दाराच्या उजेडात कलम चार खुलाशांसकट वाचायला घेतलं. चेहरा अगदी गंभीर.

“खुलासा एक. दोन स्मिते मिळून एक हसू धरावे. खुलासा दोन. वापरणाऱ्याला दात नसल्यास हसू शेजाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावे. खुलासा तीन. वापरणारा मृत असल्यास त्याचे न हसणे हा यंत्राच्या शैक्षणिक मूल्याचा पुरावा मानू नये.”

कुठूनतरी चिरका आवाज आला. सासऱ्यांचे खांदे हलत होते.

“खुलासा चार. मात्र मृत व्यक्ती हसल्यास तत्काळ कळवावे.”

झालं. सासरे खुर्चीवरून खाली आले. जमिनीवर बसून, मांडीवर थापा मारत, श्वास संपेपर्यंत हसले. मग मावशी सुटल्या, मग पोरं, मग मी. रुईलिंग वडिलांच्या पाठीवरून हात फिरवत हसत होती आणि रडत होती.

“साहेब, हसले,” मी म्हणालो. “लिहून घ्या. यंत्र बंद करा.”

पण वेई साहेब प्रामाणिक माणूस. “यंत्र बंदच होतं,” ते सावकाश म्हणाले. “वीज नव्हती. हसू यंत्राचं नाही.” त्यांनी हातातल्या पुस्तिकेकडे बघितलं. “कलम चारप्रमाणे ज्याच्या वापराने हसू येतं ते…”

त्यांना घाम फुटला. पुस्तिका जप्त करायला हवी होती. पण जप्ती कशी करावी हे त्या पुस्तिकेतच लिहिलेलं, आणि बंदी असलेली वस्तू उघडणं हा गुन्हा. ते दोनदा उठले, दोनदा बसले. शेवटी पंचनामा होईपर्यंत त्यांनी ती रहिवासी समितीच्या, म्हणजे माझ्या, ताब्यात दिली आणि टोपी विसरून निघून गेले.

पंचनामा अजून झालेला नाही. बदक शाळेत सक्तीचंच आहे. पण संध्याकाळी मावशींच्या दुकानामागच्या खोलीत दाराला कडी लावून पुस्तिकेचं वाचन चालतं. पोरं अभ्यासाची बदकं टाकून चोरून येतात. सासरे वाचतात, त्यांना सगळे खुलासे पाठ झाले आहेत. घरी आल्यावर मोज्यांबद्दल अजून बोलतात, पण बोलता बोलता मधेच त्यांना खुलासा तीन आठवतो. वेई साहेबही टोपी न्यायला म्हणून वरचेवर येतात आणि दर वेळी विसरून जातात.

मुलांना चोरून वाचायची सवय लागते आहे हे पाहून पालक चिंतेत आहेत. चहाखान्यात तसा ठराव काल दोन डावांच्या मध्ये संमत झाला. चिटणीस म्हणून मी सही केली.

आता आपल्याबद्दल. हे वाचताना आपल्याला कुठे हसू आलं असेल, दोनदा स्मित जरी झालं असेल, तरी आपल्या हातात बेकायदा वस्तू आहे. ती गादीखाली ठेवावी आणि शेजाऱ्याला कळू देऊ नये. आणि इथपर्यंत येऊनही चेहरा जर अगदी सरळ राहिला असेल, तर आपलं अभिनंदन. तसं लेखी कळवा. पुढच्या वर्षी हा धडा आपल्या मुलांना लावता येईल. तिरफळांची सोय आपली आपण करावी.