सासूबाईंच्या गालावरची चमकी

चमकी आवरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना ती मुळात वापरताच येत नाही, असं माझं गेल्या आठवड्यापर्यंत ठाम मत होतं. चारचौघांत मी ते ऐकवायचेही. पिल्लू होण्याआधी मी फोटो स्टुडिओत होते, तेव्हा चमकी लावलेले चेहरे टिपणं ही माझी खासियत होती. मागे काळा पडदा, बाजूने एकच दिवा आणि गालाच्या हाडावर चिमूटभर चमकी. दिवा समोरून मारला तर माणूस घामेजलेला दिसतो, बाजूने मारला तर चांदण्यात भिजून आल्यासारखा! आणि काम संपल्यावर जमिनीवर एक कण शिल्लक नसायचा.

स्टुडिओ झाडायला वेगळ्या मावशी होत्या, हा मुद्दा त्या काळात माझ्या लक्षात आला नव्हता.

तर गेल्या आठवड्यात एका सकाळी स्टुडिओच्या मॅडमचा फोन आला. दर्शनी काचेमागे लावायला नवा फोटो हवा होता, चमकीतलाच, पण पार्टीला निघालेल्या बाहुलीसारखा नको. आज संध्याकाळपर्यंत पाठव, आवडला तर सोमवारपासून परत कामावर ये, असं त्या म्हणाल्या. पिल्लू दीड वर्षाचं झालंय. दीड वर्ष मी फक्त झोपलेल्या बाळाचे फोटो काढतेय, तेही श्वास रोखून. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या एक गिरकी घेतली.

गिरकी सासूबाईंनी पाहिली.

सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या घरात उशासुद्धा रांगेत झोपतात. मी कामावर गेले तर पिल्लूला सांभाळणार कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी आजवर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

"कर. पण मला आधी बघू दे. तुझं काम घर न विस्कटता होतं असं दिसलं, तर पोरगी माझ्याकडे."

घर न विस्कटता. चमकीने. मी म्हटलं, "आई, तुम्हाला कळणारसुद्धा नाही की इथे काही झालं."

खालच्या मजल्यावरची नृत्यशिक्षिका मॉडेल म्हणून बसणार होती. तिची मान अशी, की फोटोत तिला फक्त श्वास घ्यावा लागतो. मी दिवाणखान्यात जुनी चादर अंथरली, काळा पडदा बांधला, ताटलीत चंदेरी चमकी काढून ठेवली, आणि नृत्यशिक्षिकेचा निरोप आला की तिच्या पापणीवर रांजणवाडी झालीय आणि डोळा समोश्याइतका सुजलाय. खरं सांगते, मी चादरीवर बसकणच मारली. पिल्लूनेही शेजारी बसकण मारली, कारण हल्ली ते माझी नक्कल करतं.

सासूबाई आतून आल्या. करड्या रंगाची साडी, चष्मा, हातात रुमाल. दुपारी त्यांना त्यांच्या शाळेत शोकसभेला जायचं होतं. शाळेच्या चित्रकलेच्या बाई गेल्या होत्या आणि पहिलं भाषण यांचं होतं. या दोघींचं नोकरीभर एकमेकींशी पटलं नव्हतं, हे शाळेच्या शिपायापासून सर्वांना ठाऊक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "मी बसले तर चालेल?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या खुर्चीवर बसल्याही होत्या, गुडघे जुळवून, वर्गाचा सामूहिक फोटो असल्यासारख्या.

"हसणार मात्र नाही," त्यांनी बजावलं. "आणि दोनच्या आत माझा चेहरा मला परत हवा."

चमकी कातडीवर टिकायला खाली थोडं जेल लावावं लागतं. पाण्याने धुतलं की जेलसकट सगळं उतरतं, म्हणून तर मला इतका आत्मविश्वास. जेलची पांढरी ट्यूब टेबलावर होती. मी ती उचलली, सासूबाईंच्या गालांवर, कपाळाच्या कडांना, नाकाच्या शेंड्यावर सफाईने लावली, वर ब्रशने चमकी टेकवत गेले. जेल थोडं घट्ट वाटलं. म्हटलं, दीड वर्ष पडून होतं, मीही थोडी घट्ट झालेच आहे.

आणि काय सांगू तुम्हाला! बाजूचा दिवा लावला मात्र, सासूबाई उजळल्या. गालावरची प्रत्येक सुरकुती चांदीच्या तारेसारखी. वर तो करारी चेहरा. साऱ्या आकाशाला त्या कान धरून उभं करतील असं वाटत होतं. मी गुडघ्यांवर बसून, पोटावर पडून, स्टुलावर चढून फोटो काढले. शेवटचा फोटो माझ्या खास युक्तीचा: चेहऱ्यासमोर तळहातावरून चमकी फुंकायची आणि ती हवेत तरंगत असताना टिपायची. डोळे मिटून घ्या म्हटलं, त्यांनी मिटले. मी फुंकली, टिपलं. झालं! चादरीबाहेर एक कणसुद्धा गेला नव्हता. मी विजयी मुद्रेने ताटली बाजूला ठेवली.

"उकडलं बाई त्या दिव्याने," असं म्हणत सासूबाई उठल्या आणि भिंतीकडे जाऊन त्यांनी पंखा लावला. पाचवर.

ताटली पंख्याच्या बरोबर खाली होती. पुढचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत, पण पिल्लूकडे एक आहे. ते दोन्ही हात वर करून "अयाऽऽ" म्हणालं. आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून माझा नवरा डबा घेऊन कामावर निघाला, त्या चंदेरी वावटळीतून चालत दारापर्यंत गेला, आणि कानाला फोन असल्यामुळे काहीही न बघता बाहेर पडला. त्याच्या केसांवरून जिन्यातला उजेड परत येत होता. मी हाक मारणार होते. पण आधी पंखा बंद करू की पिल्लूची मूठ तोंडाबाहेर काढू, असा प्रश्न होता.

नवरा चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात आहे. तिथे भिंगांवर लेप देण्याची एक खोली आहे, जिच्यात धुळीचा कण आला तरी यंत्र ओरडतं. हे मला माहीत होतं. त्या क्षणी मात्र आठवलं नाही.

कारण त्या क्षणी सासूबाई मोरीतून म्हणाल्या, "अगं, हे निघत नाहीये."

मी जाऊन पाहिलं. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं पाणी त्यांच्या गालांवरून ओघळत होतं आणि चमकी जागच्या जागी, उलट धुतल्यामुळे अधिकच लखलखीत! धावत जाऊन मी ट्यूब हुंगली. तो वास मी झोपेतही ओळखते. दिवसातून कितीदा तरी तो माझ्या हाताला असतो. ते पिल्लूच्या लंगोटाखालच्या पुरळावरचं मलम होतं. आमच्या पिल्लूला लेबलं सोलायचा छंद आहे. घरातली एकही बाटली, एकही ट्यूब तिने धड ठेवलेली नाही. आणि त्या मलमाचा एकमेव गुण असा, की ओल त्याचं काही बिघडवू शकत नाही.

आता हे सांगायचं कसं? शाळेची मुख्याध्यापिका समोर उभी, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर कुठलं मलम आहे हे मी तिला सांगायचं.

सांगितलं. सासूबाईंनी आरशात नाकाचा शेंडा बारकाईने तपासला. मग थंडपणे विचारलं, "पिल्लूचं कशाने काढतेस?"

"तेलाने," मी पुटपुटले.

तेल लावलं. मलम सुटलं, चमकी सुटली नाही. ती फक्त फिरायला निघाली. आधी गालापुरती होती, ती आता मानेवर, कानांच्या पाळ्यांत आणि पार केसांच्या मुळांत पोचली. चोळू तितकी पसरे. कातडी लाल व्हायला लागली तसं मीच थांबवलं. सभेची वेळ झाली होती. मी म्हटलं, नका जाऊ, तब्येत बिघडली म्हणून कळवू. त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतील मेल्यावरसुद्धा हिने रुसवा सोडला नाही. जायलाच हवं. आणि तूही चल. माझी अवस्था कुणामुळे झालीय ते सोबत असलेलं बरं."

दारातून निघताना त्यांनी दिवाणखान्यावर एक नजर फिरवली. सोफा लखलखत होता. पडदे लखलखत होते. पाण्याच्या माठावर चांदणं पडलं होतं. पोरगी कुणाकडे, याचं उत्तर मला मिळालं.

शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. मी पिल्लूला घेऊन शेवटच्या रांगेत दडले. सासूबाई पदर कपाळावर ओढून पहिल्या रांगेत बसल्या. इथवर निभावलं. पण भाषणाला उभ्या राहिल्या आणि व्यासपीठावरचा दिवा नेमका बाजूने! तुम्हाला मघाशी सांगितलंच, सगळी गंमत दिव्याच्या जागेत असते. त्यांचा सगळा चेहरा उजळून निघाला. सभागृहात कुजबूज झाली. माझ्या शेजारच्या बाई रुमाल काढत म्हणाल्या, "बघा, गालांवरून कशा धारा लागल्यात. इतका जीव होता हिचा, आणि आम्हाला पत्ता नाही."

त्यांच्यापुढच्या बाई रडायला लागल्या. त्यांच्यापुढच्याही. सासूबाई अजून एक शब्दही बोलल्या नव्हत्या आणि तीन रांगा ओल्या!

पण पुढे बसलेल्यांना ती आसवं नाहीत हे दिसत होतं. तिथली एक गणिताची बाई तोंड उघडं ठेवून बघत होती. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पदर खाली केला, चष्मा काढला आणि म्हणाल्या,

"ती मला शाळेची भिंत म्हणायची. भक्कम आणि पांढरी. म्हणायची, बाई, एक दिवस तरी रंगून या. ती होती तोवर मला जमलं नाही. आज आले."

आणि खाली बसल्या.

मग जे झालं त्याला रडणं म्हणणं अपुरं आहे. गणिताची बाई हुंदके देत होती. शिपाई रडत होता. मीही रडले, आणि मला तर सगळी हकिकत माहीत होती! सभा संपल्यावर प्रत्येकाने सासूबाईंना मिठी मारली आणि प्रत्येकजण थोडा थोडा चमकत घरी गेला.

परतताना रिक्षात मी हळूच विचारलं, त्या खरंच असं म्हणायच्या का.

"भिंत म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. "बाकीचं तिथे सुचलं." पिल्लू त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या गालावरचा एकेक कण बोटाने टिपत होतं, आणि त्या टिपू देत होत्या. "वाईट नव्हती गं. मीच कधी तिच्याशी धड हसले नाही."

घरी आलो तर दिवाणखान्यात नवरा जमिनीवर ओणवा, हातात चिकटपट्टी. कारखान्यात तो दाराशी पोचताच यंत्राने जो टाहो फोडला तो म्हणे जेवणाच्या खोलीपर्यंत ऐकू गेला. धुतला, झटकला, पुन्हा धुतला, यंत्र थांबेना. साहेबांनी हात जोडून सांगितलं की पगारी रजा घे, आणि अंगावर, घरात, कुठेही चमकीचा कण उरला नाही अशी खात्री झाली की मगच ये.

मी मुकाट्याने चिकटपट्टीचं दुसरं टोक शोधायला लागले. तेवढ्यात मॅडमचा फोन. निघण्याआधी मी, जाऊ दे, होईल ते होईल म्हणून एक फोटो पाठवून दिला होता, डोळे मिटलेला. मॅडम म्हणाल्या, काचेमागे हाच लागणार, सोमवारपासून ये. आणि या बाई कुणीही असोत, त्यांनाही घेऊन ये, मला यांच्या फोटोंची पूर्ण मालिका हवी. हसायला अजिबात सांगू नकोस.

मी भीत भीत निरोप दिला. सासूबाईंनी विचारलं, "वार कुठले?"

"आई, पण मग पिल्लू?"

त्यांनी ओणव्या मुलाकडे पाहिलं. "हा आहे की घरी."

"घर स्वच्छ झालं की मला जावं लागेल," नवरा सोफ्याखालून म्हणाला.

"होऊ दे तर खरं," सासूबाई म्हणाल्या आणि चेहरा धुवायला गेल्या, अगदी सावकाश.

आता आठवडा झाला. बिचारा नवरा दिवसभर पिल्लूला सांभाळतो, पिल्लू झोपलं की चिकटपट्टी घेऊन फिरतो. घर खरं तर आवरत आलंय. पण आम्ही दोघी स्टुडिओतून परतलो की थोडी नवी चमकी येतेच घरात. कपड्यांना लागून येते, मुद्दाम नाही. निदान मी तरी मुद्दाम आणत नाही. काल सासूबाईंना दारातच पदर झटकताना पाहिलं, तो मात्र आतल्या बाजूला.