आजीच्या कपड्यांतला लांडगा

"अहो, तुमच्या नव्या पटाच्या रविवारच्या खेळाला मी आईला बोलावलंय," बायकोने सकाळी चहाचा कप पुढे करत सांगितलं.

"बोलाव की!" चित्रकार छाती काढून म्हणाला. "काळजी कशाला, आपण आहोत ना!"

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य होतं. नळ गळो, दिवा जावो, कपाटाचं दार निखळो, तो आधी हे वाक्य म्हणायचा आणि मग पक्कड हातात घ्यायचा. त्यानंतर कारागिराला बोलवावंच लागायचं. पण एका बाबतीत हा आत्मविश्वास अगदी खरा होता. हाताने काढलेल्या हलत्या चित्रांचे सहा-सात मिनिटांचे विनोदी पट तो बनवायचा, आणि सगळ्यांना पाठ असलेल्या परीकथेची खिल्ली उडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

हसायच्या नाहीत त्या फक्त सासूबाई. सात वर्षांत त्यांनी जावयाचे नऊ पट पाहिले आणि दर वेळी "छान रंगवलंय" एवढंच म्हणून उठल्या. घराची भिंत रंगवणाऱ्यालाही त्या हेच म्हणाल्या होत्या. त्यांना एकदा तरी खळखळून हसवायचं, ही त्याची मनातली फार जुनी इच्छा होती. या खेपेला ती पुरी होणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

गोष्ट तीच, आजीचे कपडे घालून पांघरुणात शिरणाऱ्या लांडग्याची. पण या पटात बिचाऱ्याला मुलीला खायला सवडच मिळत नाही. शेजारीण त्याला आजी समजून सुईत दोरा ओवायला लावते, डॉक्टर इंजेक्शन टोचून जातो, आणि शेवटी मुलगी येते ती सगळा गृहपाठ त्याच्यापुढे ओतते. लांडगा रडकुंडीला येतो.

मंगळवारी दुपारी चित्रकाराने त्यातला सुई-दोऱ्याचा प्रसंग ठोक्याला दाखवला. ठोक्या म्हणजे पत्रे, बादल्या आणि कुलपं बडवून त्याच्या पटांना आवाज देणारा मित्र. ठोक्या पोट धरून हसला, आणि मग डोळे बारीक करून पुन्हा पाहू लागला.

"अरे, ही तर तुझी सासू!"

"कोण? शेजारीण?"

"लांडगा! चष्मा कपाळावर ढकलतो आणि घरभर चष्मा शोधतो. 'मी काही बोलत नाही' म्हणतो आणि मग थांबतच नाही. मी एकदा जेवलोय ना त्यांच्याकडे! मीठ मागितलं तर मिठाच्या तोट्यांवर अर्धा तास ऐकलं."

चित्रकाराने प्रसंग पुन्हा पाहिला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. हाताला जे आलं ते काढत गेला होता, आणि हाताला सासूबाई आल्या होत्या.

"त्या ओळखतील?" त्याने विचारलं.

"लांडग्याच्या अंगावरची शालसुद्धा त्यांचीच आहे. ओळखतील की!"

शुक्रवारी पट निर्मात्यांच्या हाती द्यायचा होता. "आपण आहोत ना!" म्हणत चित्रकाराने कागद ओढले. चाळीस सेकंदांचा प्रसंग, म्हणजे चारशे ऐंशी चित्रं. त्याने चष्मा काढला, शाल काढली, ते वाक्यही काढलं. आता लांडग्याचे हात रिकामे दिसायला लागले, म्हणून त्यांत लोकरीचं विणकाम दिलं.

बुधवारी संध्याकाळी निर्माते सहज डोकावले. लांडगा विणत होता, "तीस, एकतीस, मेल्या, हळू चाल, बत्तीस," आणि निर्मात्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"माझी आई तुम्हाला कुठे भेटली?"

"कुठेच नाही, साहेब!"

"टाके मोजता मोजता शिव्या घालणारी बाई जगात एकच आहे. आणि रविवारी ती पहिल्या रांगेत बसणार आहे. मला घरात राहायचंय हो!"

विणकामही गेलं. गुरुवारी चित्रकाराने मनाशी ठरवलं, की आता लांडगा कुणासारखाच नको. त्याच्या टेबलावर एक लहान आरसा असायचा. लांडग्याने रुसायचं असेल तर आधी आपण आरशात रुसून बघायचं आणि मग ते कागदावर उतरवायचं, ही त्या धंद्यातली जुनी रीत आहे. त्या दिवशी त्याने आरशाखेरीज कुठे म्हणून पाहिलं नाही. आरशात कुणाची सासू नव्हती, कुणाची आई नव्हती. हात झरझर चालला. लांडग्याला आवाज देणारी बाई परगावी गेली होती, तर तोही याने स्वतःच नाक दाबून दिला. तोंडाला येईल ते बोलला, त्यामुळे कामही लवकर उरकलं.

शुक्रवारी निर्मात्यांनी पट पाहिला. मग चित्रकाराकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"झकास!" ते ओठ आवळून म्हणाले. "आता कुणीही दुखावणार नाही. एक रेघही बदलू नका."

ठोक्याला तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर पळाला. सर्दी झाली असेल, असं चित्रकाराला वाटलं.

रविवारी सकाळी छोटं सभागृह भरलं. सासूबाई बायकोशेजारी बसल्या होत्या आणि चित्रकार त्यांच्या मागे, त्यांचे खांदे नीट दिसतील असा. दिवे मालवले. पडद्यावर शेजारीण सुई-दोरा घेऊन आली. लांडग्याने आजीच्या झग्यातून छाती काढली आणि म्हणाला, "काळजी कशाला, आपण आहोत ना!"

पहिली हसली ती बायको.

लांडग्याने कानामागे पेन्सिल खोवली, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढलं आणि दोरा ओवता ओवता स्वतःची शेपटीच शिवून घेतली. आता सगळीकडून हशा उठला. सासूबाईंचे खांदे हलायला लागले. चित्रकार खुर्चीत पुढे सरकला. त्या रडताहेत, असंच त्याला वाटलं.

"अगं, हे तर आपले जावईबापू!" सासूबाई ओरडल्या, आणि डोळ्यांना पदर लावून लहान मुलीसारख्या हसू लागल्या.

सगळं सभागृह मागे वळलं. चित्रकाराने कानामागची पेन्सिल हळूच काढून खिशात टाकली. पडद्यावर लांडग्याचे कान पडले होते, आणि ते तोंड त्याला आता कुठे ओळखू आलं. लाजेने त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पुढे सासूबाई हसतच होत्या, थांबायचं नाव नव्हतं, आणि त्या हसण्याने त्याचा जीव सुखावला, हेही खरं.

दिवे लागल्यावर त्या सरळ त्याच्यापाशी आल्या.

"जावईबापू, मला वाटायचं, तुम्हाला स्वतःचं भारी कौतुक. पण चारचौघांत स्वतःवर असं हसायला मोठं मन लागतं हो. मुद्दामच केलंत ना?"

खरं सांगायला हीच वेळ होती. चित्रकाराने छाती काढली. "अर्थात! पहिल्यापासून तसंच ठरवलं होतं." ठोक्याला पुन्हा खोकला आला.

"फक्त एक राहिलं," सासूबाई म्हणाल्या. "मी काही बोलत नाही, पण लांडग्याला चष्मा हवा होता. म्हणजे कसं, चष्मा कपाळावर ढकललेला आणि बाबा घरभर तोच शोधतोय! आमच्या शेजारच्या बाई अश्शाच आहेत. लोक लोळले असते हसून. कसं सुचलं नाही तुम्हाला?"

बोलता बोलता त्या पिशवीत हात घालून काहीतरी चाचपत होत्या. "थांबा, दारातल्या पाटीवर तुमचं नाव कुठे लिहिलंय ते वाचते. चष्मा कुठे गेला मेला?"

चष्मा कपाळावर होता. ठोक्याने चित्रकाराकडे पाहिलं, निर्मात्यांनी पाहिलं, बायकोने तर डोळेच वटारले.

"मी काही बोलत नाही," चित्रकार म्हणाला, आणि खरोखरच बोलला नाही.