आजीची पाटी कोणी नेली

मी रागावले की कामं होतात. ही बढाई नाही. आमच्या सोरेल हॉलो गावातला कुठलाही माणूस तुम्हाला हेच सांगेल, फक्त आधी मी आसपास नाही ना हे बघून घेईल. शाळेसमोरचा सिग्नल माझ्या रागाने बसला. वाचनालयाचं गळकं छप्पर माझ्या रागाने दुरुस्त झालं. आणि हमरस्त्याच्या कडेला आमच्या आजीची पाटी उभी राहिली तीसुद्धा माझ्याच रागावर. आख्ख्या पेनसिल्व्हेनियात उभ्या असतात तशी, लोखंडी खांबावर, निळ्या रंगावर सोनेरी उठावाची अक्षरं, राज्याच्या शिक्क्यासकट! आठ-नऊ वर्षं मी राज्याच्या राजधानीत अशा पाट्या देणाऱ्या ऑफिसवर रागावत होते. शेवटी पाटी देणं त्यांना स्वस्त वाटलं असावं.

पाटीवर सगळ्यात वर आजीचं नाव होतं, वेरोना स्लिव्का. त्याखाली हकिगत. कोळसा खाणीच्या संपात कंपनीच्या रखवालदारांचा प्रमुख कॅप्टन हार्कनेस मजुरांना घराबाहेर काढायला आला, तेव्हा आजीने वस्तीतल्या बायका गोळा केल्या आणि लाटण्यांनी त्याला पिटाळून लावलं. ही गोष्ट मी शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवली आहे. गावातली अर्धी माणसं माझ्या हाताखाली ती पाठ करून बाहेर पडली आहेत.

पाटीचं अनावरण झालं त्या दिवशी माझी आई, म्हणजे वेरोनाची मुलगी, खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडली होती. आई आता पंच्याण्णवची आहे. डोळे जवळजवळ गेलेत, वृद्धाश्रमात असते, चाकांच्या खुर्चीतून फिरते. तिने एकच मागणं लावून धरलं होतं, "बर्नडीन, मला एकदा आईच्या नावावरून बोट फिरवायचंय." मी म्हटलं, बर्फ वितळू दे, जूनमध्ये तुझ्या वाढदिवसाला नेते.

बर्फ वितळला आणि पाटी गेली. खांब जागेवर, पाटी गायब.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पोलीस चौकीत गेले. आमचा पोलीस प्रमुख कोझलिक हा माझा विद्यार्थी.

"बाई, ॲल्युमिनियम होतं ते," तो म्हणाला. "भंगारवाले उचलतात. एव्हाना वितळलंसुद्धा असेल."

"ते ॲल्युमिनियम नव्हतं, माझी आजी होती."

"हो बाई."

"वर्गातही तू असंच हो बाई, हो बाई म्हणायचास, आणि गृहपाठाच्या नावाने शंख."

मग मी राजधानीत फोन लावला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या की पाटी नव्याने ओतून मिळेल, पण किमान दोन वर्षं लागतील.

"माझी आई पंच्याण्णव वर्षांची आहे," मी सांगितलं.

"अरे वा, अभिनंदन," त्या म्हणाल्या.

फोन आपटला तेव्हा भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. आजीच्या नावाची आता कोणाच्या तरी घरी कढई होणार, आणि मला अभिनंदन ऐकायला लागतंय. मी ठरवलं, सरकार गेलं खड्ड्यात, पाटी आपणच करायची. आईला चोरीचं कळू द्यायचंच नाही.

आमचा नवरा रीजिस. मोटारींचे पत्रे ठोकून रंगवण्यात त्याचा जन्म गेला.

"सरकारी पाटीची नक्कल करणं गुन्हा असेल, बर्नडीन," तो म्हणाला.

"चोरली तरी कोणी विचारत नाही. केल्याबद्दल कोण विचारणार?"

त्याने जाड प्लायवुड कापलं आणि मोटारीचा निळा रंग असा दिला की हात लावला तर पत्र्यासारखं गार लागावं. मी त्याच्याकडून खांबही कापून घेतला, पाटीची वरची कड माझ्या छातीशी येईल इतका. खुर्चीत बसून आईचा हात पोचायला हवा ना. राहता राहिली अक्षरं. ती उठावाची हवीत, कारण आई बोटाने वाचणार. रीजिस म्हणाला, लाकडात कापतो, नाताळपर्यंत होतील.

नाताळ म्हटल्यावर मला सुचलं. आमच्याकडे घरोघर नाताळात कणीक आणि मीठ भिजवून त्याचे तारे, देवदूत करतात, भट्टीत कडक भाजतात, रंगवून झाडाला टांगतात. मी पहिलीत केलेला देवदूत अजून माझ्या कपाटात आहे. एक पंख गेलाय, बाकी दगड. मी शाळेतले अक्षरांचे साचे काढले, कणकेत मूठमूठ मीठ घातलं आणि आजीची सगळी हकिगत भाजून काढली. वर सोनेरी रंग. सोन्यासारखी दिसायला लागली अक्षरं!

"वार्निश लावू या," रीजिस म्हणाला. "तीन हात. प्रत्येक हात नीट वाळला पाहिजे."

"आज बुधवार. आई शनिवारी येते. वार्निश तुझ्या टकलावर लाव."

बुधवारी संध्याकाळी पाटी उभी राहिली. अनावरणापूर्वी झाकून ठेवायची पद्धत असते, म्हणून वर पलंगपोस टाकला. गुरुवारी सकाळी जाऊन बघते तर पलंगपोस गवतात आणि पाटीवरून आजीचं नाव साफ. दुसरं काही नाही, फक्त नाव. खाली कॅप्टन हार्कनेस मात्र ठणठणीत.

रस्त्यापलीकडे वेन हार्कनेस आपल्या ओसरीवर कॉफी पीत बसला होता. कॅप्टनचा सख्खा नातू. लहानपणी शाळेत माझ्याबरोबर एकाच वर्गात होता. पाटी लागली तेव्हा गावाच्या सभेत उठून म्हणाला होता, "माझ्या आजोबांचं नाव तेवढं गाळा, ट्रकवालेसुद्धा वाचतात." आता बसल्या जागेवरून मला सांगतो, "बर्नडीन, हरणं आली होती."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"त्याला चोरायचंच असतं," घरी आल्यावर रीजिस म्हणाला, "तर त्याने स्वतःच्या आजोबांचं नाव नसतं का काढलं?"

"तीच तर लबाडी आहे. म्हणजे संशय येऊ नये."

रीजिसने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी परत कणीक भिजवली. परत भाजली, रंगवली, चिकटवली, आणि राग म्हणून मीठ थोडं जास्तच पडलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा नाव गायब, आणि त्याखालची लाटण्याची ओळही. वेन पुन्हा ओसरीवर. या वेळी त्याने नुसती बोटांनी डोक्यावर शिंगं करून दाखवली.

शुक्रवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बिंगो असतो. सगळं गाव तिथे. मी आकडे पुकारणाऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला.

"वेन हार्कनेस, उभा राहा. माझ्या आजीची अक्षरं कुठे आहेत?"

वेन उठला. "बर्नडीन, तुला दोनदा सांगितलं. हरणं खातात."

"अस्सं. मग हरणांना वाचता येतं वाटतं? हार्कनेस सोडून स्लिव्काच कशी खाल्ली?"

"चवीला बरी असेल."

लोक हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या भरात मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेवट असा होता की तुझ्या आजोबाने माझ्या आजीचं घर घ्यायला बघितलं आणि तू तिचं नाव पळवतोस, तुमच्या रक्तातच आहे. माईक चालू होता. बाहेर गाड्या लावणाऱ्यांनीसुद्धा ऐकलं.

वेनचा चेहरा पडला. त्याने टोपी उचलली. "माझे आजोबा काय होते ते मला रोज खिडकीतून दिसतं," तो म्हणाला. "कधी पाटीला हात लावलाय मी?" आणि गेला. बिंगोची पत्रिका तशीच टेबलावर राहिली. त्याला एकच आकडा हवा होता म्हणे.

मी मनातून जरा वरमले. पण राग बंद केला नाही, कारण आईला उद्या आणायची होती आणि माझ्याजवळ चालायला दुसरं इंधन नव्हतं.

शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा अक्षरं चिकटवली. रीजिसला पाटीसमोर गाडीत पहाऱ्याला बसवलं आणि मी आईला आणायला गेले. आईने ठेवणीतला निळा झगा घातला होता, केस विंचरून घेतले होते. वाटेत एकदाच म्हणाली, "हात गार आहेत माझे, बोटांना कळेल ना गं?" मी म्हटलं, कळेल.

पोचलो तेव्हा बिंगोची सगळी मंडळी लांबवर गाड्या लावत होती. इतिहासाची कोणाला पडली नव्हती, भांडणाचा दुसरा अंक बघायला आली होती. कोझलिक वर्दीत आला होता. रीजिस गाडीत घोरत होता. आणि पाटीवरचा पलंगपोस हलत होता. आत कोणीतरी होतं.

"वेन, बाहेर ये," मी ओरडले आणि पलंगपोस ओढला.

आत हरिणी होती. तिने माझ्याकडे सावकाश बघितलं. जीभ सोनेरी झाली होती. तोंडातलं अक्षर चावून संपवलं, आणि काही घाई नसल्यासारखी रस्ता ओलांडून झाडीत गेली.

मी वर बघितलं. वेन त्याच्या ओसरीवर उभा होता. या वेळी त्याने शिंगंसुद्धा करून दाखवली नाहीत. दाखवली असती तर बरं झालं असतं.

"काय झालं?" आई म्हणाली. "पडदा काढला ना? मला जवळ ने."

काय करणार? नेली. आईने हात पुढे केला. वरच्या ओळीवर बोटं फिरली. तिथे काही नव्हतं, नुसतं ओलं प्लायवुड. बोटं खाली सरकली, रिकामीच, आणि मग कॅप्टन हार्कनेसवर येऊन थांबली. ते नाव तिने अक्षर न अक्षर वाचलं. मग बोट जिभेला लावलं.

"मीठ जास्त झालंय," आई म्हणाली.

"आई, ते..."

"पाटी चोरीला गेल्याचं मला एप्रिलमध्येच कळलं, बर्नडीन. आश्रमात सगळ्यांना ठाऊक आहे. तू इतकी रागावलेली होतीस की म्हटलं जाऊ दे. नाव कोणी खाल्लं?"

"हरणाने."

आई हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली. "मग बरोबर आहे. त्या हिवाळ्यात माझ्या आईने त्यांच्यातली कितीतरी खाल्ली होती."

"काय खाल्ली?"

"हरणं. संप होता, घरात दाणा नव्हता. कंपनीच्या जंगलातून चोरून मारून आणायची. वस्ती जगली ती त्याच्यावर. हा कॅप्टन आला ना, तेव्हा टेबलावर हरीण सोललेलं पडलं होतं आणि मी टेबलाखाली होते. त्याने हरणाकडे बघितलं, आईकडे बघितलं. आईने हरणाचा मागचा एक पाय तोडून कागदात गुंडाळला. कॅप्टन तो घेऊन गेला आणि त्याने कंपनीला सांगितलं, त्या घरात कोणी राहत नाही. त्याच्याही घरी चार पोरं होती."

"आणि लाटणी?"

"कसली लाटणी?"

माझ्या मागे लोक जमले होते. कोझलिकने वर्दीतली टोपी काढून हातात घेतली होती. वेन केव्हा रस्ता ओलांडून आला ते मला कळलंच नाही. आईने त्याच्या बाजूला तोंड वळवलं. "हार्कनेसचा नातू का तू? पाऊल तसंच वाजतं. तुझ्या आजोबांनी कोणाला सांगितलं नाही हो. हरणाच्या एका पायावर भागवलं."

वेनने आईचा हात धरला आणि नुसता धरून ठेवला.

"पण आई, तुला नावावरून बोट फिरवायचं होतं," मी म्हटलं.

"नाव मला पाठ आहे. फिट्टंफाट झाली म्हणायची."

आता मला खरोखर राग आला. आठ-नऊ वर्षं, राज्याचा शिक्का, शाळेतल्या एवढ्या पिढ्या! "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"दर रविवारी येऊन तू मला माझ्या आईची गोष्ट सांगायचीस," आई म्हणाली. "मी मध्ये काही बोलले की म्हणायचीस, आई, तुला नीट आठवत नाही."

वेनने त्याच्या ओसरीवरची खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली, आणि मी बसले.