नऊ मिनिटं चाळीस सेकंद

आमच्या कॉलनीत रोज सकाळी दहाला शिट्टी वाजते. ती शाळेची नाही, वॉचमनची नाही आणि कुकरची तर नाहीच. ती सुभेदार जगतापांची. एका हातात स्टॉपवॉच, ओठांत शिट्टी. शिट्टी फुंकायची, त्याच क्षणी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि माऊस हलायला लागेपर्यंत तिथून हलायचं नाही. समोरच्या वहिनी त्याच शिट्टीवर कुकर चढवतात. त्यांचा कुकर उतरतो तेव्हा सुभेदारांचा कॉम्प्युटर नुकता डोळे चोळत असतो.

लागलेली वेळ ते कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहितात. साताऱ्यात निवृत्त फौजी गल्लोगल्ली आहेत. कुणी झाडांना पाणी घालतो, कुणी बँकेत भांडतो. पण मशीनची परेड घेणारा हा एकच. मी कॉम्प्युटर क्लास चालवतो आणि दुर्दैवाने त्यांच्या शेजारीच राहतो, त्यामुळे आकडा कुंपणावरून मलाही ऐकावा लागतो.

"मास्तर, नऊ मिन्टं चाळीस सेकंद! आवं, ह्यो कमजोर न्हाई. कामचोर हाय, कामचोर!"

या कामचोराला वठणीवर आणायला त्यांनी काय काय केलं! सायकलच्या पंपाने त्याच्या पोटातली धूळ उडवली. शेजारी टेबलफॅन लावला. मग कुणीतरी सांगितलं की ओझं कमी करा, तर स्वतःचे पलटणीतले सगळे फोटो पुसून टाकले. सियाचीनचे, निरोपसमारंभाचे, सगळे. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "सुभेदारसाहेब, फोटो काढून काही उपयोग नव्हता हो. डिस्क म्हातारी झालीय. ती बदलायला हवी."

"गेलं ते गेलं," ते म्हणाले. "पन जुन्यातलं समदं नव्यात येतंय का? तसं लिवून द्या."

लिहून कोण देणार? दोन महिने आमचं घोडं तिथेच अडलं होतं. या माणसाला घाई तर इतकी की शिट्टी वाजवतो आणि उपाय सांगितला तर लेखी हमी मागतो. मी वैतागून तिकडे जाणंच बंद केलं.

गेल्या रविवारी ते स्वतः दारात आले. "मास्तर, आज अकरा मिन्टं. आनी आतनं टक् टक् वाजतंय."

मी जाऊन डब्याला कान लावला. डिस्क शेवटचे श्वास मोजत होती. एकदा बंद केली तर पुन्हा उठेल याची मी हमी दिली नसती. मी तसं सांगितलं.

सुभेदारांचा चेहरा उतरला. "मालन नावाचा फोल्डर हाय. त्यो पयला भाईर काडा. बाकीचं समदं जळू दे."

मालन म्हणजे त्यांची बायको, आमच्या मालनकाकू. गेल्या दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात अन् वाचा गेली. बाजूच्या खोलीत पलंगावर पडून असतात. मला वाटलं, फोल्डरमध्ये जुने फोटो असतील. उघडला तर दोनशेच्या वर व्हिडिओ आणि सगळ्यांचं नाव एकच. पाणी १, पाणी २, पाणी ३…

"अहो, एकच फाईल दोनशे वेळा साठवलीय तुम्ही!" मी शहाणपणाने म्हणालो. "शेवटची ठेवतो, बाकीच्या उडवतो. दोन मिनिटांत काम होईल." सगळ्या निवडून मी बोट डिलीटवर नेलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बोट जागेवर थिजलं. "हात काडा," ते म्हणाले, आणि या वेळी पुढे 'मास्तर' नव्हतं.

मग तिथेच उभ्याने त्यांनी सांगितलं. सांगलीच्या एक बाई आहेत, गेलेली वाचा परत शिकवतात. पहिला शब्द दिलाय, पाणी. मोबाईलवर काकूंना स्वतःचे ओठ बारीक दिसतात, म्हणून कॅमेरा लावलेल्या मोठ्या पडद्यासमोर बसवायचं, म्हणवून घ्यायचं आणि ते बाईंना पाठवायचं. "रोज एकदा."

"एकदाच का?"

"ती दहा मिन्टं बसती. मग मान कलती. एक पानी साठवून दुसऱ्याला तय्यार हुईस्तवर ह्यो कामचोर गोल फिरत बसतो. तवर तिची वेळ सरती. रोज एकच डाव मिळतो, मास्तर."

मला माझ्याच बोटाची लाज वाटली. मी कॉपी सुरू केली.

पुढचा तास मी जन्मात विसरणार नाही. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. चाळीसाव्या फाईलपाशी टक् टक् वाढली. नव्वदाव्या फाईलला सगळं थांबलं, टक् टकसुद्धा. मी हात मांडीखाली दाबून बसलो. सुभेदार टेबलफॅन उचलून दोन्ही हातांत धरून उभे होते आणि इतके दिवस शिव्या खाणाऱ्या त्या डब्याला हळू आवाजात समजावत होते, "चल रं राजा. थोडंच ऱ्हायलंय. चल रं."

पट्टी हलली. मग पुन्हा थांबली, पुन्हा हलली. शेवटी एकच फाईल काही केल्या येईना. ती नेमकी पहिली होती. मी खाली मान घालून सांगितलं.

"पयल्या दिशी 'प' बी आला न्हवता तिच्या तोंडात," ते म्हणाले. "नुस्ता श्वास हुता. तरी ऱ्हायला पायजे हुता." आणि तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुपारी नवी डिस्क बसवली. बटण दाबलं आणि वीस सेकंदांत कॉम्प्युटर उभा. सुभेदारांनी काकूंना आधार देत आणून खुर्चीत बसवलं.

"म्हन मालन. पानी."

"पा…" काकूंच्या कपाळावरची शीर फुगली. "…णी."

व्हिडिओ तत्काळ साठवला गेला. सुभेदार माझ्याकडे बघायला लागले. दुसरा डाव त्यांना कधी मिळालाच नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचं हेच त्यांना सुचेना. "आनी एकदा म्हनतीस?" त्यांनी भीत भीत विचारलं.

काकूंनी म्हटलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. दर वेळी मधली फट कमी होत गेली. सुभेदारांना आता थांबायचं भान नव्हतं. "शाब्बास! आनी एकदा!"

"पाणी," काकू म्हणाल्या.

"व्हय व्हय, लय झकास! आनी एकदा!"

"पाणी!" काकू चक्क खेकसल्या, आणि डावा हात गळ्याला लावला.

सुभेदार पुतळ्यासारखे उभे राहिले. मग स्वयंपाकघराकडे जे पळाले! फुलपात्र घेऊन आले तेही इतक्या घाईत की निम्मं पाणी कीबोर्डवर सांडलं. मी पुसलंही नाही. मला नीट दिसतच नव्हतं.

काकूंनी घोट घेतला. खुर्चीपाशी गुडघे टेकून सुभेदार त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आजून देऊ?" त्यांनी विचारलं.