गोल झाडं आणि सुभेदाराची अब्रू

बॉक्सवुडचं झुडूप गोल कसं कापायचं, हे एकदा माझ्याकडून शिकून घ्या! लोक कात्री हातात घेतात आणि अंदाजपंचे सुटतात. मग झाड एका बाजूने कलिंगड, दुसऱ्या बाजूने वांगं! मी पडलो नकाशे काढणारा माणूस. जाड पुठ्ठ्यातून अर्धगोल कापला. रोज ऑफिसातून आलो, की बूट काढायच्या आधी तो झाडाभोवती फिरवायचा. पुठ्ठ्याला जे पान लागेल, ते गेलं!

"अरे, हे झुडूप किती सावकाश वाढतं! त्यात रोज काय कापतोस?" बायको म्हणायची. पण बायको नकाशे काढत नाही.

दाराच्या दोन्ही बाजूंना दोन कुंड्या, त्यांत बारीक, चकचकीत पानांचे दोन हिरवे चेंडू. येणारा-जाणारा थबकायचा. मी खिडकीतून बघायचो आणि उगाचच खाकरायचो. मग ऊन तापायला लागलं आणि एके संध्याकाळी वास आला. मांजराचा! म्हणजे मांजर जे करून जातं, त्याचा!

आमच्या गल्लीत मांजर एकच, शेजारच्या हेडबाईंचा बोका सुभेदार. हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्यात, आवाज अजून नोकरीत आहे. शाळा सुटली की आमची लेक त्यांच्याकडे थांबते, बायको कामावरून येईपर्यंत. बायकोला नुकतीच मनासारखी नोकरी लागली होती, ती निव्वळ हेडबाईंच्या जिवावर.

"त्यांच्याशी जरा नीट बोल हं," बायकोने बजावलं.

"मी नीटच बोलतो!" असं म्हणून मी गेलो.

"बाई, तुमचा सुभेदार आमच्या झाडांना रोज पाणी घालतो."

"पुरावा?"

"वास!"

"वास तुमच्या मोज्यांनाही येतो. मी कधी बोलले?"

आता हा अब्रूचा प्रश्न झाला. मी कुंड्या साबणाने घासल्या. घाण लागली असेल म्हणून वरची पानं आणखी कापली. वास वाढला! झाडं उचलून बैठकीच्या खोलीत आणली आणि खिडक्यांना जाळी ठोकली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यासारखा वास सोफ्यावर बसलेला! म्हणजे बोका जाळीतूनही आत येतोय? या जनावराच्या चिकाटीचं मला मनातून कौतुकच वाटलं.

मग मी ठळक अक्षरांत पाटी रंगवली, 'मांजरांस सक्त मनाई', आणि बरोब्बर हेडबाईंच्या दाराकडे तोंड करून टांगली. अक्षरं काय सुरेख आली होती!

हेडबाईंनी पाटी वाचली आणि सरळ आमच्या दारात आल्या. "उद्यापासून मुलीची सोय दुसरीकडे करा. माझ्या सुभेदाराला गुन्हेगार ठरवणाऱ्या घराशी मला संबंध ठेवायचा नाही."

बायको माझ्याकडे वळली. "बोल. नोकरी तू सोडतोस की मी?"

खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो मीच. पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "घाबरतेस काय! समोरासमोर करू. बाई, आणा आरोपीला!"

बाई सुभेदाराला कडेवर घेऊन आल्या आणि कुंडीपुढे ठेवला. त्याने हुंगलं. दचकून मागे सरला. अंगावरचे केस उभे, शेपटी बाटली घासायच्या ब्रशासारखी! आणि झाडाकडे बघून असा गुरगुरला, जसा काही आत दुसरा बोका दडून बसलाय.

"बघा!" हेडबाई कडाडल्या. "स्वतःच्या वासावर कुणी असं गुरगुरतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने माझ्या पुठ्ठ्याला चिकटलेलं पान काढलं, बोटांत चुरडलं आणि माझ्या नाकाला लावलं. "हुंग."

मी हुंगलं. देवा! तोच वास! बोक्याचा नाही, झाडाचा! पान कापलं की जास्त, उन्हात त्याहून जास्त. म्हणजे इतके दिवस बूट न काढता, पुठ्ठा फिरवून फिरवून, तो वास मीच गल्लीभर वाटत होतो!

हेडबाईंनी मुलीला पुन्हा ठेवून घ्यायचं कबूल केलं, पण अटीवर. माफी त्यांची नाही, सुभेदाराची मागायची. शिवाय यापुढे त्याच्याविरुद्ध चकार शब्द काढायचा नाही. काढलात, तर मुलगी परत घरी! मी गुडघ्यांवर बसून माफी मागितली. सुभेदार तेव्हा पंजा चाटत होता. बायको हसत होती, आणि तिची नोकरी वाचली म्हणून मला खरंच हायसं वाटलं.

झाडं पुन्हा दाराशी गेली, जरा सावलीत. कात्री मी क्वचितच लावतो. त्यांचा वास जवळजवळ गेलाच म्हणा ना.

सुभेदाराला मात्र हे कोण सांगणार? झाडात कुणी परका बोका घुसलाय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी येतो. शेपटी वर करून आधी डाव्या कुंडीवर आपला हक्क सांगतो, मग उजवीवर. मी दारात पुठ्ठा घेऊन उभा असतो आणि आकाशाकडे बघतो.

परवा हेडबाईंनी थांबून नाक मुरडलं. "काय हो, अजून वास येतोय?"

आतून बायको खाकरली.

"येणारच बाई," मी म्हटलं, "झाडाची जातच तशी!"